शरबत गुलाचा चेहरा रंगीत पेन्सिलींनी: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

विटकरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, हिरव्या डोळ्यांनी थेट आपल्याकडे बघणारी मुलगी. एवढं म्हटलं तरी ‘अफगाण मुलगी’ म्हणून गाजलेला शरबत गुलाचा फोटो डोळ्यांसमोर येतो. रंगीत पेन्सिलींनी व्यक्तिचित्रं काढणाऱ्या कितीतरी जणांना हा चेहरा कधी ना कधी काढावासा वाटतो, आणि बहुतेकांचं चित्र एकाच जागी फसतं. डोळे हिरवेगार होतात, काचेच्या गोटीसारखे चमकायला लागतात आणि चेहरा मागे पडतो. मूळ फोटोतले डोळे तसे नाहीत. आपल्या आठवणीत आहेत त्याहून ते बरेच मळकट, राखाडी आणि गडद आहेत. ते पेटल्यासारखे दिसतात ते भोवतीच्या लाल-तपकिरी रंगामुळे. म्हणून या चित्रात डोळ्यांची निम्मी मेहनत डोळ्यांच्या बाहेर करायची असते. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

आधी फोटो ओळखून घ्या

स्टीव्ह मॅककरी या अमेरिकी छायाचित्रकारानं १९८४ साली पाकिस्तानात, पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत हा फोटो काढला. सोव्हिएत फौजा तेव्हा अफगाणिस्तानात होत्या आणि लाखो अफगाण सीमा ओलांडून पाकिस्तानात आले होते. छावणीतली मुलींची शाळा तंबूत भरायची, तिथली ही मुलगी. वय साधारण बारा. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर फोटो आला आणि जगभर गेला. तिचं नाव मात्र जगाला कळलं २००२ साली, मॅककरी पुन्हा शोध घेत गेले तेव्हा. शरबत गुला. ती तीच हे पडताळायला केंब्रिज विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जॉन डॉगमन यांनी बुबुळांची नक्षी जुळवून पाहिली. तोवर तिनं स्वतःचा हा फोटो पाहिलेलाही नव्हता. पुढे २०१६ मध्ये ओळखपत्राच्या प्रकरणात तिला पाकिस्तानात अटक झाली आणि अफगाणिस्तानात परत पाठवलं गेलं. २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर इटलीनं तिला आसरा दिला.

चित्रकलेच्या लेखात हे सगळं कशाला, असं वाटेल. पण याचा थेट परिणाम हातावर होतो. ‘गूढ सुंदर मुलगी’ काढायची असं मनात धरून बसलात, की हात आपोआप ओठ भरीव करतो, गाल गुळगुळीत करतो, डोळे मोठे करतो. खऱ्या फोटोत एक लहान मुलगी आहे. तोंडावर धूळ आणि मळ आहे, ओढणीला भोकं पडलेली आहेत. त्याआधी तिचा फोटो कुणी कधीच काढला नव्हता, आणि एका परक्या माणसानं कॅमेरा रोखल्याचा राग आला होता असं तिनं पुढे सांगितलं. तो राग आणि ती सावध नजर काढायची आहे. तिचं नाव माहीत असताना चित्राखाली नुसतं ‘अफगाण मुलगी’ लिहू नका, शरबत गुला लिहा.

फोटोच्या तांत्रिक बाजूतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, फिल्म कोडाक्रोम ६४ होती. या फिल्मवर लाल आणि मातकट रंग फार खोल उतरायचे, म्हणून चित्रात विटकरी रंगात कंजुषी चालणार नाही. दुसरी, लेन्स १०५ मिलीमीटरची होती. अशा लेन्सनं थोडं लांबून फोटो निघतो, त्यामुळे नाक-कान आपल्या मापात राहतात आणि मागचं सगळं पुसट होतं. मोबाइल जवळ धरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तशा फोटोंवरून चेहरे काढायची सवय असेल, तर इथली प्रमाणं सुरुवातीला ‘चुकीची’ वाटतील. तेव्हा सवयीवर नको, फोटोवर विश्वास ठेवा.

नीट प्रत मिळवा

इंटरनेटवर या फोटोच्या असंख्य प्रती फिरत असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. काहींत कुणीतरी हिरवा मुद्दाम भडक केलेला असतो, काहींत सगळंच पिवळं पडलेलं असतं. छायाचित्रकाराच्या किंवा मासिकाच्या अधिकृत संकेतस्थळावरची प्रत समोर ठेवा. मुखपृष्ठाच्या स्कॅनवरून काम करू नका. छपाईचे ठिपके मोठे केल्यावर बुबुळाच्या जागी नुसती जाळी दिसते.

३५ मिलीमीटर फिल्मची चौकट दोनास तीन या प्रमाणाची असते. चित्र १८ × २७ सेंटीमीटरचं धरलं, तर ए-फोर कागदावर चारही बाजूंना साधारण दीड सेंटीमीटर समास सुटतो. त्याच मापाची एक रंगीत आणि एक कृष्णधवल प्रत फोटो स्टुडिओतून काढून आणा. झेरॉक्सवाल्याकडच्या रंगीत प्रिंटवर विसंबू नका, तिथे तपकिरी रंग हमखास जांभळट येतो. रंग बघायला मोबाइल किंवा टॅबचा पडदा शेजारी असू द्या, पण मापं प्रिंटवरूनच घ्या. प्रिंट आणि चित्र एकाच मापाचं असलं की कंपासनं अंतर उचलून सरळ कागदावर ठेवता येतं, गुणाकार करावा लागत नाही.

सामान

कागद हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपण ज्या कार्ट्रिज पेपरवर रंगवलं, तो या कामाला पुरत नाही. तीन-चार थर चढले की त्याचा पृष्ठभाग मेणचट होतो आणि पुढचा रंग घसरतो. इथे आपल्याला आठ-दहा थर द्यायचे आहेत. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) हॉट प्रेस जलरंग कागद किंवा चांगला ब्रिस्टल, म्हणजे जाड गुळगुळीत चित्रकागद, घ्या. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत बाजूचा. खरखरीत कागदावर त्वचा काढायला गेलात तर प्रत्येक खळग्यात पांढरा ठिपका राहतो.

पेन्सिली शाळेच्या डब्यातल्या नकोत, कलाकारांसाठीच्या घ्या. फेबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमोस तेलावर आधारलेल्या आणि थोड्या कडक असतात, टोक टिकतं. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाच्या आणि मऊ, रंग झटकन भरतो पण टोक लवकर झिजतं. ब्रुस्ट्रोचे संच आपल्याकडे सहज मिळतात आणि सुरुवातीला चालतात. मोठा संच घ्यायची गरज नाही. चोवीस किंवा छत्तीसचा संच आणि वर काही सुट्या पेन्सिली एवढं पुरे. या चित्राला नक्की लागतील ते रंग असे: त्वचेसाठी आयव्हरी किंवा क्रीम, फिकट त्वचारंग, सिनॅमन, बर्न्ट ओकर, बर्न्ट सिएना, वॉलनट ब्राऊन, ओढणीसाठी सँग्विन, व्हेनेशियन रेड, इंडिया रेड, हिरव्यासाठी अर्थ ग्रीन, क्रोम ऑक्साइड ग्रीन, ज्युनिपर ग्रीन, आणि सगळीकडे उपयोगी पडणारे डार्क सेपिया, डार्क इंडिगो, मध्यम कोल्ड ग्रे. कंपनी बदलली की नावं थोडी इकडेतिकडे होतात. नाव जुळलं नाही तरी चालेल, रंग जुळला पाहिजे.

काळी पेन्सिल सध्या डब्यातच राहू द्या. नवखा माणूस गडद भाग दिसला की काळी उचलतो आणि चित्र मेल्यासारखं दिसतं. सेपिया आणि इंडिगो एकावर एक दिले की काळ्याइतकाच गडद पण जिवंत रंग मिळतो.

बाकी चांगला शार्पनर, मळता येणारा खोडरबर (नीडेबल म्हणून मिळतो), रिफिल संपलेलं बॉलपेन, पेन्सिलीचा भुगा झटकायला मऊ रुंद ब्रश आणि हाताखाली ठेवायला कोरा कागद. भुगा हातानं कधीच झटकू नका, सेपियाचा एक कण गालावर फरफटला तर सहज निघत नाही.

रेखांकन

प्रिंटवर तीन-तीन सेंटीमीटरच्या चौकटी आखा. आडव्या सहा, उभ्या नऊ. कागदावर त्याच चौकटी एचबी पेन्सिलीनं, दिसेल न दिसेल अशा आखा. डोळे, नाक आणि ओठ येतात तिथल्या चौकटींचे पुन्हा दीड सेंटीमीटरचे चार-चार भाग करा. ओढणीला एवढी बारीक आखणी नको.

चौकटीचं तंत्र म्हणजे फसवणूक, असं काही जणांना वाटतं. ते मनातून काढून टाका. मोठी चित्रं भिंतीवर चढवताना चित्रकार शतकानुशतकं हेच करत आले आहेत. फक्त चौकटीत ‘डोळा’ काढू नका. रेष चौकटीची कड कुठे कापते, तिथून किती तिरपी जाते, मधली रिकामी जागा कोणत्या आकाराची आहे, एवढंच बघा. प्रिंट आणि कागद दोन्ही उलटे करून काढलंत तर हे आणखी सोपं जातं, कारण मेंदूला चेहरा ओळखूच येत नाही आणि तो मध्ये लुडबुड करत नाही.

या चेहऱ्यात तीन मापं पुन्हा पुन्हा तपासा. दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर. डोळ्याच्या खालच्या पापणीपासून नाकपुडीपर्यंतचं अंतर. आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना जोडणारी रेष किती कललेली आहे ते. शरीर एका बाजूला वळलेलं आणि चेहरा आपल्याकडे, अशी तिची बैठक आहे. त्यामुळे चेहऱ्याच्या दोन बाजू आरशातल्यासारख्या सारख्या येणार नाहीत, यायलाही नकोत. ‘बरोबर दिसावं’ म्हणून दोन्ही डोळे एका पट्टीत आणले की नजर तिथेच मरते.

रेखांकन झालं की चौकटी खोडा आणि मळता येणारा खोडरबर हलकेच दाबून-उचलून बाकीच्या रेषा इतक्या फिकट करा की तुम्हालाच शोधाव्या लागतील. ग्रॅफाइटवर फिकट त्वचारंग चढला की तो कायमचा राखाडी होतो.

रंग लावायच्या आधी एक काम राहिलं. कपाळावर सुटून आलेल्या केसांच्या फिकट, चमकत्या बटा बघा. त्या जागी रिकाम्या बॉलपेननं कागदात बारीक खाच ओढा. नंतर वरून रंग फिरला की खाचेत रंग जात नाही आणि केसाची उजळ रेष आपोआप उरते. रंगीत पेन्सिली पारदर्शक असतात. गडद रंगावर पांढरी पेन्सिल फिरवून उजळ केस काढता येत नाही, फार तर धुरकट राखाडी मिळते. उजळ जे काही हवं ते आधीपासून राखून ठेवावं लागतं.

भोकाचा कागद

आता रंग ओळखायचे. एका जाड करड्या कागदाला पंचिंग मशीननं भोक पाडा. हा कागद रंगीत फोटोवर ठेवा, भोक डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणा. पांढरा दिसतो का? नाही. मळकट राखाडी दिसतो, वरच्या पापणीखाली तर सरळ तपकिरीकडे झुकतो. भोक बुबुळावर न्या. एरवी पाचूसारखा वाटणारा रंग एकटा पाडला की राखाडीत हिरवा कालवलेला दिसतो. आता कागद बाजूला करा. डोळे पुन्हा पेटतात.

हे घडतं ते लाल आणि हिरवा एकमेकांचे विरोधी रंग असल्यामुळे. शाळेत रंगचक्रात समोरासमोर दाखवतात तेच. विटकरी ओढणी आणि तांबूस त्वचेनं वेढलेला थोडासा हिरवाही डोळ्याला दुप्पट हिरवा वाटतो. तुम्ही पेन्सिलीनंच त्याला दुप्पट हिरवा केलात, की बघणाऱ्याला तो चौपट दिसणार. भोकाचा कागद चित्र संपेपर्यंत हाताशी ठेवा. प्रत्येक नव्या भागाला हात लावण्याआधी तीन ठिकाणी भोक ठेवायचं: सगळ्यात उजळ जागा, सगळ्यात गडद जागा आणि मधली.

पार्श्वभूमी आणि ओढणी आधी

कोऱ्या पांढऱ्या कागदावर कुठलाही रंग गडद वाटतो. म्हणूनच चेहऱ्यापासून सुरुवात केली की त्वचा फिकट राहते. आधी मागचा पुसट हिरवा भरा. क्रोम ऑक्साइड ग्रीन आणि अर्थ ग्रीनचे हलके थर, पेन्सिल आडवी धरून, गोल गोल फिरवत. एका दिशेनं रेघोट्या मारू नका. हिरवा फार स्वच्छ वाटला तर वरून बर्न्ट सिएनाचा अगदी पुसट हात द्या, तो लगेच मागे सरकतो. पार्श्वभूमीला कुठेही धारदार कड नको.

मग ओढणी. पहिला थर सँग्विन किंवा व्हेनेशियन रेडचा, सगळीकडे, हलक्या दाबानं. दुसरा थर घड्यांचा: इंडिया रेड, आणि खोल घडीत वॉलनट ब्राऊन. सगळ्यात खोल जागी इंडिगो. लालावर इंडिगो म्हटलं की पोटात गोळा येतो, पण त्याशिवाय कापडाला खोली येत नाही. कापडाचा उंचवटा जिथे उजेडात आलाय, तिथे फिकट त्वचारंग किंवा सिनॅमन. पांढरा अजिबात नाही, पांढऱ्यानं विटकरी रंग गुलाबी होतो.

ओढणीची भोकं हा या फोटोतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, आणि नेमका तोच लोक उरकून टाकतात. भोकातून आतल्या कपड्याचा हिरवा रंग दिसतो. म्हणजे लाल ओढणीच्या मध्येच डोळ्यांशी नातं सांगणारा हिरवा येतो. तो वगळला तर डोळे चित्रात एकटे पडतात. एक भोक नीट बघा: आतला हिरवा सपाट नाही, वरच्या बाजूला ओढणीची सावली पडल्यानं तो गडद आहे. भोकाची कड गुळगुळीत गोल नाही, फाटलेली आहे, धागे सुटलेले आहेत. आधी आतला हिरवा भरा. मग वरच्या कडेखाली सेपियानं सावली द्या. मग तासून टोकदार केलेल्या इंडिया रेडनं कडेचे तुटके धागे एकेक करून, बाहेरून आत असे काढा. उजेडाकडच्या कडेला केसाएवढी कोरी रेष सोडा आणि शेवटी तिच्यावर सिनॅमन फिरवा. एवढं जमलं की कापडाला जाडी आल्यासारखी वाटते.

त्वचा

त्वचेत घाई करायची नाही. पेन्सिल कायम टोकदार, दाब इतका कमी की पहिला थर लावला की नाही अशी शंका यावी. आधी आयव्हरी सगळीकडे, मग फिकट त्वचारंग, मग सिनॅमन. यानंतर चेहऱ्याचे सावलीतले भाग अर्थ ग्रीननं हलकेच भरा. नाकाची बाजू, डोळ्यांच्या खोबणी, ओठाखालची जागा, हनुवटीखाली गळा. त्वचेवर हिरवा बघून धीर सुटू देऊ नका. वर बर्न्ट ओकर आणि बर्न्ट सिएना चढले की तो दिसेनासा होतो आणि सावलीला थंडावा देऊन जातो. नुसत्या तपकिरी रंगानं भरलेली सावली भाजल्यासारखी दिसते.

उजेड मऊ आहे, उन्हाची कडक तिरीप कुठेच नाही. त्यामुळे चेहऱ्यावर सावलीच्या काठाला रेष म्हणून येत नाही, एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. नाकाची बाजू रेषेनं आखायची सवय असेल तर ती इथे मोडा. नाक दिसतं ते एका बाजूचा रंग दुसरीपेक्षा जरा गडद असल्यामुळे.

चेहऱ्याच्या कडेला, जिथे ओढणी गालाशी येते, तिथे भोकाचा कागद ठेवून बघा. त्वचा मध्यभागापेक्षा तांबूस दिसेल. तिथे सँग्विनचा एक पुसट थर द्या. ओढणी आणि चेहरा यानं एकमेकांत बसतात, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

मळ आणि धूळ गाळू नका. नाकाजवळचे, गालावरचे ते गडद पट्टे वॉलनट ब्राऊननं, तुटक, अनियमित काढा. सगळं काढून झाल्यावर वरून ‘डाग’ म्हणून टाकलेत तर ते वेगळे पडतील. शेवटचे दोन-तीन थर बाकी असतानाच टाका आणि त्यांच्यावरून त्वचारंग फिरू द्या.

सगळे थर देऊन झाल्यावर फिकट रंग जोर लावून घासला की खालचे रंग एकजीव होतात आणि पृष्ठभाग चकचकीत होतो. याला बर्निशिंग म्हणतात. नवखे लोक पूर्ण चेहरा बर्निश करतात आणि बाहुलीसारखी त्वचा मिळवतात. या चेहऱ्याला ते शोभत नाही. नाकाचा शेंडा, खालचा ओठ, गालाचा उंचवटा एवढ्यापुरतंच करा, बाकी त्वचेला कागदाचा पोत राहू द्या.

ओठांचं थोडक्यात: बाहेरची कड आखू नका, दोन ओठांमधली गडद रेष नीट काढा. ती सरळ नाही, आणि तिची जाडी जागोजागी बदलते. सगळा भाव त्या रेषेत आहे. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद ठेवा.

केस गडद पट्ट्यांनी काढायचे, एकेक केस मोजत नाही. आधी सेपिया-इंडिगोचा पूर्ण भाग भरा, उजळ जागा सोडा, मग कडेला मोजके केस सुटे काढा. आधी ओढलेल्या खाचा आता कामाला येतील.

आणि आता डोळे

एव्हाना चित्रात लाल आहे, त्वचेचा खरा गडदपणा आहे. आता बुबुळाचा रंग ठरवता येतो. दोन्ही डोळे बरोबरीनं करत न्या. एकाचा थर दिला की लगेच दुसऱ्याचा. एक डोळा पूर्ण करून दुसरा जुळवायला गेलं तर तो सहसा जुळत नाही.

सुरुवातीलाच डोळ्याच्या बाहुलीजवळचा (बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधला काळा गोल) उजेडाचा ठिपका पेन्सिलीनं आखून घ्या. पूर्ण चेहऱ्यात कागद कोरा ठेवायची ही एकच जागा. ठिपक्याचा आकार फोटोत बघा, गोल असेलच असं धरून चालू नका.

पांढऱ्या भागाला कोल्ड ग्रेचा पातळ थर आणि त्यावर फिकट त्वचारंग. कोपऱ्यांकडे आणि वरच्या पापणीखाली गडद करत न्या. डोळा हा गोळा आहे, त्यामुळे दोन्ही टोकांना तो सावलीत वळतो. आतल्या कोपऱ्यात सँग्विनचा छोटासा गुलाबी भाग.

बुबुळाला आधी आयव्हरी, मग कोल्ड ग्रे, मग अर्थ ग्रीन. हिरव्याआधी राखाडी द्यायचा, हे विसरू नका. आता बाहेरची गडद कड: ज्युनिपर ग्रीन आणि सेपिया, आतल्या बाजूला विरत जाणारी. ती कंपासनं काढल्यासारखी कडक झाली तर डोळा बटणासारखा दिसतो. मग त्या कडेपासून बाहुलीकडे, आणि बाहुलीपासून बाहेर, अशा बारीक किरणरेषा. त्यांची लांबी कमीजास्त ठेवा, काही मध्येच तोडा. फोटो मोठा करून बाहुलीभोवती बघा आणि जिथे उबदार, पिवळट-तपकिरी झाक दिसेल तिथे बर्न्ट ओकरचे दोन-चार कण टाका. हिरव्याशेजारचे हे कण जे काम करतात ते आणखी एखादा भडक हिरवा करू शकत नाही.

बाहुली इंडिगो आणि सेपियानं भरा. सगळ्यात शेवटी, अगदी मध्यावर, काळी पेन्सिल टेकवायला हरकत नाही.

यानंतरची पायरी हटकून राहून जाते: वरच्या पापणीची सावली. पापणीला जाडी असते आणि तिची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते. तिथे सेपियाचा हलका थर देऊन हिरवा झाका. आत्ताच मेहनतीनं काढलेल्या किरणरेषा झाकायला जिवावर येतं, पण झाका. डोळा त्या क्षणी खोबणीत जाऊन बसतो आणि तिची नजर सावध वाटायला लागते. खालच्या पापणीची कड म्हणजे एक बारीक उजळ, ओलसर पट्टी, तीही शाबूत ठेवा. पापण्यांचे केस शेवटी, मुळाशी दाब देऊन टोकाला पेन्सिल उचलत, दोन-तीनच्या झुबक्यांत.

आता भोकाचा कागद फोटोवर आणि चित्रावर आलटूनपालटून ठेवा. चित्रातला हिरवा जास्त स्वच्छ वाटला तर वरून बर्न्ट सिएना, अगदी फुंकरीएवढा. फिका वाटला तर हिरवा वाढवण्याआधी शेजारची त्वचा आणि ओढणी गडद करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.

तपासणी आणि नंतर

मोबाइलवर चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करा आणि तुमच्याकडच्या कृष्णधवल प्रिंटशेजारी ठेवा. रंग गेला की गडद-उजळाच्या चुका लगेच उघड्या पडतात. नवख्यांच्या चित्रात ओढणीच्या घड्या आणि हनुवटीखालचा गळा जवळपास नेहमीच हवा त्याहून फिके असतात. मग तोच फोटो आडवा उलटवून, आरशात दिसेल तसा बघा. डोळ्यांचा कल चुकला असेल तर तिथे कळेल. ए-फोर मापाच्या अशा चित्राला तीस-चाळीस तास सहज लागतात. एका बैठकीत दोन तासांच्या वर बसू नका, हात जड होतो आणि दाब वाढतो.

मेणाच्या पेन्सिली वापरल्या असतील तर काही दिवसांनी गडद भागांवर पांढुरकी साय धरेल. मऊ सुती कापडानं हलकेच पुसा आणि फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे, दोन-तीन पातळ हात द्या. फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. स्वस्त संचांतले गुलाबी आणि त्वचारंग उन्हात लवकर उडतात, तेव्हा समोरून ऊन येईल अशा भिंतीवर चित्र लावू नका.

फोटोचे हक्क छायाचित्रकाराकडे आहेत. घरी सरावासाठी काढणं वेगळं आणि चित्र विकणं, त्याच्या प्रती छापणं, स्पर्धेला स्वतःची कल्पना म्हणून पाठवणं वेगळं. त्यासाठी परवानगी लागते. चित्र कुणाला दाखवताना मूळ फोटो स्टीव्ह मॅककरी यांचा, हे शरबत गुलाच्या नावाखाली लिहा. हक्कांची अडचण नसलेल्या प्रसिद्ध फोटोवरून काम करायचं असेल, तर डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो घ्या. तो अमेरिकी सरकारच्या नोकरीत असताना काढलेला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतो. कृष्णधवल असल्यामुळे रंग सगळे तुम्हालाच ठरवावे लागतील. सेपिया, वॉलनट ब्राऊन, आयव्हरी आणि कोल्ड ग्रे एवढ्या चारच पेन्सिलींत तो करून बघा.